जुन्या विडी-काडेपेटीच्या लेबलचं वय कसं ओळखायचं? आधी चित्र नाही, पत्ता वाचा

माळ्यावरचा पत्र्याचा डबा उघडला, आत जुनी चोपडी सापडली आणि चोपडीच्या पानांत एक रंगीत कागद. त्यावर वाघ किंवा देवीचं चित्र, खाली ‘अमुक छाप विडी’. आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि दहा मिनिटांत कुणीतरी लिहितं, ‘ब्रिटिशकालीन आहे, शंभर वर्षं जुनं, लाखभर तरी मिळतील!’

खरंच शंभर वर्षं जुनं असतं का? कधी असतं, पुष्कळदा नसतं. गंमत म्हणजे हे शोधायला तज्ज्ञच लागतो असं नाही. लेबलवरची बारीक अक्षरं वाचता आली आणि थोड्या तारखा माहीत असल्या, तर घरबसल्या बराच अंदाज बांधता येतो. तो कसा, ते या लेखात पाहू. उदाहरणासाठी नंदुरबार जिल्ह्यातलं, नवापूर तालुक्यातलं खांडबारा हे गाव घेऊ. कारण या भागाचा पत्ता गेल्या सव्वाशे वर्षांत इतक्यांदा बदलला आहे, की नुसत्या पत्त्यावरून कागदाचा काळ सांगता येतो.

तंबाखू आणि चित्रं: हा छंद आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि इंग्लंडमधल्या सिगारेट कंपन्या पाकिटात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड घालायच्या. मऊ पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत हा पहिला हेतू. मग त्या कार्डावर चित्रं आली. अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू, इंग्लंडमध्ये क्रिकेटपटू, जहाजं, पक्षी. पूर्ण संच जमवायचा म्हणून लोक तीच सिगारेट पुन्हा घ्यायचे.

यातला सगळ्यात गाजलेला संच म्हणजे १९०९ ते १९११ या काळातला अमेरिकेतला ‘टी-२०६’. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये सुमारे ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. पण त्याच संचातल्या साध्या खेळाडूंची, तितकीच जुनी कार्डं त्याच्या कितीतरी पट कमी किमतीला मिळतात. फरक वयाचा नाही, संख्येचा आहे. वॅग्नरचं कार्ड लवकर थांबवलं गेलं, म्हणून आज त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

या कार्डांचा अभ्यास करणारे लोक पुढच्या चित्राइतकीच मागची बाजू वाचतात. मागे सिगारेटच्या ब्रँडचं नाव असतं, आणि बऱ्याच कार्डांवर कारखान्याचा नंबर आणि कर विभागाचं नावही. चित्र खेळाडूचं, पण पुरावा सरकारी नोंदीचा!

आपल्याकडे सिगारेटपेक्षा विडी घरोघरी पोचली. विडीच्या बंडलात कार्ड नसायचं, पण बंडलावर लेबल असायचं आणि काडेपेटीवर चित्र. म्हणून मराठी घरात तंबाखूचा जुना छापील कागद सापडतो तो बहुधा लेबलच्या रूपात. नियम मात्र तोच: चित्र फसवतं, बारीक अक्षर फसवत नाही.

पहिला नियम: ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नाही’

लेबलवर छपाईचं साल क्वचितच असतं. म्हणून आपण एक साल शोधत नाही, दोन टोकं शोधतो.

पहिलं टोक: हे अमुक सालाच्या आधीचं असूच शकत नाही. उदाहरणार्थ, लेबलवर रुपयाचं ‘₹’ हे चिन्ह असेल तर ते १५ जुलै २०१० च्या आधीचं नाही, कारण हे चिन्ह तेव्हाच स्वीकारलं गेलं.

दुसरं टोक: हे अमुक सालाच्या नंतरचं बहुधा नाही. किंमत आण्यात असेल तर ते १९५७ च्या फार नंतरचं नसावं.

पहिल्या वाक्यात ‘असूच शकत नाही’ आहे, दुसऱ्यात ‘बहुधा’. हा फरक लक्षात ठेवा. उद्या येणारी गोष्ट आज कुणी छापू शकत नाही. पण कालची गोष्ट आज सहज वापरली जाते. व्यापारी लेबलं एकदम मोठ्या संख्येने छापून घेतात, कायदा किंवा पत्ता बदलला तरी उरलेला गठ्ठा पुरवून वापरतात. कधी जुनाच ब्लॉक पुन्हा छापखान्यात जातो. म्हणून पहिलं टोक पक्कं धरायचं, दुसरं थोडं सैल.

पत्ता: सगळ्यात चांगला साक्षीदार

आता खांडबाऱ्याकडे वळू. या गावाचा पत्ता वेगवेगळ्या काळात असा लिहिला गेला असता:

- जि. खानदेश: १९०६ पर्यंत संपूर्ण खानदेश हा एकच जिल्हा होता.
- जि. पश्चिम खानदेश (प. खानदेश): १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचं मुख्य ठिकाण धुळे. हे नाव १९६०-६१ च्या सुमारापर्यंत चाललं.
- जि. धुळे: महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, पूर्व खानदेशाचा जळगाव.
- जि. नंदुरबार: १ जुलै १९९८ पासून.

म्हणजे लेबलवर ‘जि. नंदुरबार’ असेल, तर समोरचा काहीही म्हणो, तो कागद १९९८ च्या आधीचा नाही.

इथे एक खाच आहे. ‘नंदुरबार’ हा शब्द दिसला की लगेच १९९८ म्हणू नका. नंदुरबार हे शहर आणि तालुका फार आधीपासून आहे. शब्दाच्या आधी ‘ता.’ आहे की ‘जि.’, ते भिंगाने बघा. एका अक्षरात पन्नास-साठ वर्षांचा फरक पडतो.

राज्याचं नावही उपयोगी पडतं. ‘मुंबई इलाखा’ हा इंग्रजी अमदानीतला शब्द, ‘मुंबई राज्य’ १९५० ते १९६० चा, ‘महाराष्ट्र’ १ मे १९६० नंतरचा. त्याच दिवशी पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतल्या गावांचा त्यात समावेश होता. म्हणून आज गुजरातेत असलेल्या एखाद्या गावापुढे ‘प. खानदेश’ छापलेलं दिसलं तर ती छापखान्याची चूक समजू नका. ते लेबल १९६० च्या आधी छापलं गेल्याची ती खूण असू शकते.

जुने व्यापारी पत्त्यात जवळचं रेल्वे स्टेशनही द्यायचे. खांडबारा सुरत-भुसावळ मार्गावर आहे. हा मार्ग आधी ताप्ती व्हॅली रेल्वेचा. पत्त्यात ‘टी. व्ही. रेल्वे’ किंवा ‘बी. बी. अँड सी. आय.’ अशी अक्षरं असतील तर कागद जुना असण्याची शक्यता बरीच. ‘वेस्टर्न रेल्वे’ किंवा ‘पश्चिम रेल्वे’ असेल तर ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचा, कारण पश्चिम रेल्वे त्या दिवशी अस्तित्वात आली.

आणखी दोन खुणा:

- पिनकोड: सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ‘मुंबई २’ किंवा ‘मुंबई ४’ असा एक-दोन आकडी विभाग हा त्याच्या आधीच्या पद्धतीचा. सवयीने तो नंतरही लिहिला गेला, पण पिनकोड मात्र १९७२ च्या आधी असू शकत नाही.
- इंग्रजी स्पेलिंग: इंग्रजीत ‘बॉम्बे’चं अधिकृतपणे ‘मुंबई’ झालं ते १९९५ मध्ये. पण मराठी मजकुरात ‘मुंबई’ आधीपासूनच होतं. त्यामुळे ही खूण इंग्रजी मजकुरालाच लावायची.

किंमत: आणे, नये पैसे, पैसे

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे १२ पै. नवीन आणि जुना पैसा यात घोळ होऊ नये म्हणून नव्याला ‘नया पैसा’ म्हटलं गेलं. १ जून १९६४ ला ‘नया’ गळला आणि नुसता ‘पैसा’ राहिला.

म्हणून लेबलवर ‘न. पै.’ किंवा ‘नये पैसे’ दिसले तर तुमचं नशीब चांगलं. सात वर्षांची छोटी खिडकी मिळाली: १९५७ ते १९६४. उरलेल्या गठ्ठ्यासाठी पुढे वर्ष-दोन वर्षं धरा.

शुद्धलेखन: डोक्यावरचा टिंब

ही खूण मराठी लेबललाच लागू पडते. पूर्वी ‘विडीचें लेबल पाहून घ्यावें’ असं लिहायचे. ज्याचा उच्चार होत नाही असा अनुस्वारही द्यायचे. १९६२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले.

लेबलवर ‘आमचें’, ‘घ्यावें’, ‘सर्वांचें’ असे टिंब असतील तर मजकूर बहुधा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा. पण ही ‘बहुधा’ गटातली खूण आहे. जुन्या वळणाचे लोक पुढेही टिंब देत राहिले.

आणि गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा तीन-चार लिप्या एकाच लेबलवर असतील तर गोंधळू नका. लिपीवरून माल कुठल्या बाजारात जायचा ते कळतं, साल नाही. सीमेवरच्या भागात मराठीच्या शेजारी गुजराती असणं अगदी स्वाभाविक.

कायद्याने छापायला लावलेलं

दुकानदाराला हौस म्हणून नव्हे, तर कायदा म्हणतो म्हणून जे छापावं लागतं, ते सगळ्यात खात्रीचं.

- ट्रेड मार्क: भारतात ट्रेड मार्क नोंदणीचा कायदा १९४० मध्ये झाला आणि १९४२ पासून अमलात आला. आधीही काही जण नुसतं ‘रजिस्टर्ड’ छापायचे. पण ‘रजिस्टर्ड ट्रेड मार्क नं.’ आणि पुढे आकडा असेल तर लेबल बहुधा १९४२ नंतरचं.
- सिगारेटवरचा इशारा: सिगारेट पाकिटावर आरोग्याचा वैधानिक इशारा १९७५ च्या कायद्याने आला, १ एप्रिल १९७६ पासून. हा कायदा विडीला लागू नव्हता. म्हणून विडीच्या लेबलवर इशारा नाही, एवढ्यावरून ते १९७६ च्या आधीचं ठरत नाही. ही चूक फार जण करतात.
- चित्रमय इशारा: २००३ च्या कायद्यात विडीसह सगळे तंबाखूजन्य पदार्थ आले. चित्राचा इशारा ३१ मे २००९ पासून. १ एप्रिल २०१६ पासून त्याने पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापली.
- १८००-११-२३५६: तंबाखू सोडण्यासाठीचा हा मदत क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर येऊ लागला.
- जीएसटी क्रमांक: १ जुलै २०१७ नंतर.

ब्रँडचं नाव बदललं तरी खूण मिळते. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची ‘संभाजी विडी’ हे त्याचं अलीकडचं उदाहरण. नावावरून आंदोलन झालं आणि २०२०-२१ मध्ये कंपनीने ते नाव सोडलं. त्या नावाचं लेबल त्याआधीचं आहे हे उद्याच्या संग्राहकाला सहज कळेल.

काडेपेटी: ‘मेड इन’ काय म्हणतंय?

काडेपेटीच्या लेबलवर ‘मेड इन स्वीडन’, ‘मेड इन जपान’ किंवा ‘मेड इन ऑस्ट्रिया’ असेल, तर ती परदेशातून आलेली. १९२० च्या दशकापर्यंत आपल्या बाजारात अशाच पेट्यांचा भरणा होता. देवीचं चित्र आणि खाली स्वीडनचं नाव, असंही असायचं, कारण चित्र गिऱ्हाइकाच्या आवडीचं निवडलं जायचं.

१९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवर जबर कर बसला. मग स्वीडनच्या कंपनीने इथेच कारखाने काढले. तीच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे ‘विमको’. स्थापना १९२३, पहिला कारखाना आपल्या अंबरनाथला. त्याच सुमारास शिवकाशीतही काडेपेटीचा धंदा उभा राहिला. १९३४ मध्ये देशी काडेपेट्यांवर अबकारी कर आला आणि कर भरल्याची कागदी पट्टी पेटीवर चिकटवली जाऊ लागली. पेटीवर ती पट्टी किंवा तिचा तुकडा असेल तर पेटी १९३४ नंतरची.

चित्र: शेवटी, आणि सावधपणे

देवाचं, वाघाचं, सायकलचं चित्र पन्नास वर्षं तेच राहू शकतं. चित्र उपयोगी पडतं ते त्यात तारीख असलेली वस्तू असेल तेव्हा. तिरंग्यावर चरखा आहे की अशोकचक्र, हे बघा. अशोकचक्राचा ध्वज २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. राष्ट्रीय चिन्हं आणि नावं धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या कायद्याने बंधनं आली, त्यामुळे ध्वज मिरवणारी लेबलं बहुधा त्याआधीची.

खरं की नक्कल? तीन घरगुती तपासण्या

१. भिंग. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या लिथो छपाईत रंगाचे सपाट पट्टे किंवा हाताने टाकल्यासारखे अनियमित ठिपके दिसतात. ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके नेमक्या रांगेत, फुलासारखी नक्षी करतात. घरच्या प्रिंटरच्या छपाईत बारीक शिंतोडे दिसतात आणि अक्षरांच्या कडा खडबडीत असतात. कागद ‘१९३०चा’ आणि अक्षरांना शिंतोडे, तर ती नक्कल.

२. बोट. खिळे जुळवून केलेल्या छपाईत अक्षराचा दाब कागदाच्या मागून बोटाला जाणवतो. हे वयाचं प्रमाणपत्र नाही, कारण खिळ्यांचे छापखाने गावोगावी पुढेही बरीच वर्षं चालले. पण स्कॅन करून काढलेल्या नकलेत हा दाब नसतो.

३. अतिनील टॉर्च. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात कागदावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं साधारण १९५० नंतर वापरात आली. ती निळसर-पांढरी चमकतात. अख्खा कागद चमकला तर तो ‘स्वातंत्र्याआधीचा’ म्हणणं अवघड. चमकला नाही म्हणून जुना ठरत नाही. साधा, स्वस्त कागद आजही चमकत नाही.

पिवळेपणावर मात्र विसंबू नका. चहाच्या पाण्यात बुडवून कालचा कागदही ‘शंभर वर्षांचा’ करता येतो.

एक सराव

उदाहरणासाठी रचलेलं एक लेबल घेऊ. त्यावर आहे: ‘मु. पो. खांडबारा, ता. नवापूर, जि. प. खानदेश. रजिस्टर्ड ट्रेड मार्क नं. अमुक. किंमत दोन आणे. छाप पाहून घ्यावें.’

ट्रेड मार्कचा नंबर म्हणजे १९४२ नंतर. आणे म्हणजे साधारण १९५७ पर्यंत. प. खानदेश आणि ‘घ्यावें’वरचा टिंब या दोन्ही खुणा त्याला धरूनच आहेत. निष्कर्ष: साधारण १९४२ ते १९५७.

आता त्याच चित्राचं दुसरं लेबल, पण पत्त्यात ‘जि. धुळे’ आणि सहा आकडी पिनकोड. झालं, १९७२ ते १९९८. चित्र तेच, छापखाना कदाचित तोच, पण मध्ये किमान पंधरा वर्षं गेली. ग्रुपवर मात्र दोन्ही ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून फिरले असते.

विकायचं की ठेवायचं?

जुनं म्हणजे महाग नव्हे, हे वॅग्नरच्या कार्डाने शिकवलंच. आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांतून न वापरलेल्या लेबलांचे गठ्ठे बाहेर येतात. तीच लेबलं ‘दुर्मिळ’ म्हणून एकेक करून विकली जातात. आणि ‘आधी नोंदणी फी भरा, मग लाखांत घेतो’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. जुनी नाणी-नोटा विकण्याच्या नावाखाली असे प्रकार इतके वाढले की २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं.

ठेवायचं असेल तर एवढं करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेविकॉल नको. चिकटलेलं लेबल पाण्यात भिजवून काढू नका, रंग सुटतो. पट्टी शेजारी ठेवून पुढचा आणि मागचा असे दोन्ही फोटो घ्या. कागद कोरड्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा: कुठे सापडलं, कुठल्या चोपडीत, कुणाच्या घरात.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मोठ्या शहरांचा, मोठ्या कंपन्यांचा इतिहास कुठेतरी लिहिलेला असतो. खांडबाऱ्यासारख्या स्टेशनच्या गावात कोण काय विकत होतं, माल कुठून येत होता, कोणत्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलत होता, याचा छापील पुरावा कधी कधी एवढाच एक कागद असतो. त्यावर ‘शंभर वर्षं जुनं’ असं चुकीचं लिहिलं की तोही पुरावा बिघडतो. ‘१९४२ ते १९५७, खांडबारा, किराणा दुकानाच्या चोपडीत सापडलं’ असं लिहिलं तर तो गावाचा इतिहास होतो.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी जुनं लेबल टाकलं, तर आधी एकच विचारा: ‘पत्त्याचा जवळून फोटो टाकता का?’